तिसऱ्या पानावरचं नाव

आमच्या आणि वहिनींच्या परसामधलं कुंपण रेडवुडच्या फळ्यांचं आहे. दोन हिवाळ्यांपूर्वीच्या वादळात त्यातली एक फळी निखळली ती अजून तशीच आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने कुंपणाचा खर्च दोन्ही शेजाऱ्यांनी निम्मा-निम्मा उचलायचा असतो, त्यामुळे सुताराला बोलवायचं कोणी यावरून आम्ही दोघी एकमेकींकडे बोट दाखवतो. खरं कारण वेगळंच आहे. त्या फटीतून इकडचा कढीपत्ता तिकडे जातो, तिकडची लिंबं इकडे येतात आणि सनीव्हेलमधल्या निम्म्या मराठी घरांच्या बातम्या त्याच वाटेने ये-जा करतात. फळी लावली तर करायचं काय?

गेल्या शनिवारी फटीतून आधी एक कागद आला, मागून वहिनी.

"ताई, विजेचं तुमचं किती आलं हो?"

हा प्रश्न इथे पगार विचारण्याइतकाच नाजूक. मी दहा डॉलर कमी करून सांगितलं. वहिनींनीही तेच केलं असणार, म्हणजे तुलना बरोबरच झाली.

"आमच्या अण्णांना हे बिल पटत नाहीये," वहिनी म्हणाल्या. "तीन दिवस घेऊन बसलेत."

अण्णा म्हणजे वहिनींचे सासरे. चिपळूणचे. हयात गेली वीज मंडळाच्या बिलिंगमध्ये; २००५ साली मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झालं, त्याच सुमारास ते निवृत्त झाले. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आले आहेत. इतरांचे सासरे आल्या आल्या गोल्डन गेट बघायला जातात. अण्णांनी आल्या आल्या मुलाच्या घरचं विजेचं बिल मागून घेतलं आणि खिशातलं लाल पेन काढलं.

ते लिंबाखालच्या खुर्चीतूनच ओरडले, "काय गो, ही सिलिकॉन व्हॅली क्लीन एनर्जी कोण?"

आम्ही दोघी गप्प. मी इथे वीस वर्षं राहते, वहिनी अठरा.

"पीजीअँडईचीच, म्हणजे आपल्या वीज कंपनीचीच, कुठली तरी स्कीम असेल," वहिनी म्हणाल्या.

"मला वाटतं कुठल्या तरी मोठ्या कंपनीची असावी," मी म्हटलं. सिलिकॉन व्हॅलीत चांगल्या नावाचं काही दिसलं की आम्ही ते कंपनीच्या नावावर टाकून मोकळे होतो.

अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. "पहिल्या पानावर एका कंपनीचं नाव, तिसऱ्या पानावर दुसरीचं. पैसे दोघींना चालले आहेत आणि घरात कोणाला पत्ता नाही. मंडळात असं बिल मी पास केलं नसतं."

मग मला ती पोस्टकार्डं आठवली. २०१७ साली एकामागून एक आली होती, हिरवी-निळी, झाडाबिडाचं चित्र असलेली. पिझ्झाच्या कुपनांबरोबर ती निळ्या डब्यात गेली. आता कळतंय की ती कायद्याने पाठवावीच लागतात: नाव नोंदण्याच्या आधी दोन, नंतर दोन. म्हणजे माझ्या शहराने मला चार वेळा विचारलं आणि मी चारही वेळा उत्तर रद्दीत टाकलं. उत्तर दिलं नाही म्हणजे होकार, असा या योजनेचा नियम आहे.

वहिनींना हे अजिबात आवडलं नाही. "न विचारता नाव घालायचं म्हणजे काय?"

"आपल्या गणपतीच्या वर्गणीसारखं," मी म्हटलं. "मंडळाच्या वहीत सगळ्या बिऱ्हाडांची नावं आधीच लिहिलेली असतात. ज्याला द्यायची नसेल त्याने येऊन सांगायचं."

"आणि सांगायला कोणी जात नाही," अण्णा म्हणाले. त्यांनी चिपळुणात वहीही धरली असावी, असा सूर होता.

तर प्रकरण असं आहे. गेला आठवडाभर अण्णांनी टॅबलेटवर वाचलं, मी थोडं वाचलं, आणि बाकीचं फटीतून जुळवलं. तारा, खांब, मीटर, बिल पाठवणं, दिवे गेले की माणसं पाठवणं हे सगळं पीजीअँडईकडेच आहे. पण त्या तारांतून येणारी वीज बाजारातून विकत कोणी घ्यायची, तेवढं काम गावाने आपल्याकडे घेतलं आहे. सनीव्हेल, कुपरटिनो, माउंटन व्ह्यू, सॅराटोगा, गिलरॉय अशी अकरा शहरं आणि सांता क्लारा काउंटीचा शहरांबाहेरचा भाग, असे बारा जण (पुढे तेरा झाले) एकत्र आले, एक सामायिक संस्था काढली आणि एप्रिल २०१७ पासून आपल्या रहिवाशांसाठी घाऊक वीज घ्यायला लागले. ही संस्था म्हणजे सरकारी खातं नाही, खाजगी कंपनीही नाही. तिच्या मंडळावर त्या त्या ठिकाणचे निवडून आलेले प्रतिनिधी बसतात. भागधारक नाहीत, नफा वाटायचा नाही.

वहिनींना हे पटेना तेव्हा मी आंब्यांवर गेले. २००७ साली अमेरिकेने भारतातल्या आंब्याला परत दार उघडलं, तेव्हापासून आमच्या भागात दर एप्रिलमध्ये हापूसची गटखरेदी चालते. एकाने शंभर पेट्या मागवायच्या, विमानतळावरून उचलायच्या, गराजमध्ये ठेवायच्या आणि बाकीच्यांनी येऊन न्यायच्या. एकट्याने एक पेटी मागवली तर दुकानदार सांगेल तो भाव; शंभर मागवल्या की आपण सांगतो तो. रस्ता तोच, विमान तेच. मागणारा कोण, एवढंच बदललं.

"आणि आंबे खराब निघाले तर?" वहिनी.

"तर गटाने मिळून रडायचं," अण्णा म्हणाले. हे त्यांचं वाक्य मला पुढे फार उपयोगी पडलं.

आता ही कल्पना इथे कुठून आली, तर त्यात अण्णांना स्वतःचीच एक गोष्ट सापडली आणि तो दिवस आम्ही कामं टाकून कुंपणाशीच काढला.

१९९६ साली कॅलिफोर्नियाने विजेचा बाजार खुला केला. कंपन्यांनी वीज बाजारातून घ्यायची, पण गिऱ्हाइकाला मात्र बांधून दिलेल्या दरात विकायची. २००० च्या उन्हाळ्यात बाजारातले भाव आभाळाला भिडले. घेताना महाग, विकताना स्वस्त. मग काय व्हायचं ते झालं. जानेवारी २००१ मध्ये इथे, जगाच्या संगणकाच्या राजधानीत, पाळीपाळीने वीज घालवायची वेळ आली. एप्रिलमध्ये पीजीअँडईने दिवाळं काढलं. पुढे उघड झालं की व्यापाऱ्यांनी मुद्दाम टंचाई भासवायच्या युक्त्या केल्या होत्या आणि त्यांना 'फॅट बॉय', 'डेथ स्टार' अशी नावंही दिली होती. त्या व्यापाऱ्यांची कंपनी कोणती?

"एन्रॉन," मी म्हटलं.

अण्णांनी पेन खाली ठेवलं.

"आमच्याकडे होती ती," ते म्हणाले. पाहुणीबद्दल बोलावं तसे. "गुहागरला. अंजनवेलला."

दाभोळचा प्रकल्प मला वर्तमानपत्रातला माहीत होता. अण्णांना तो टेबलावरचा माहीत होता. पहिला टप्पा ७४० मेगावॉटचा, १९९९ मध्ये सुरू झाला. घेणारं गिऱ्हाईक एकच, आपलं वीज मंडळ. करार असा की वीज घ्या अगर न घ्या, ठरलेला आकार भरायचाच. इंधन नाफ्था, त्याचे भाव चढले, रुपया घसरला, आणि २००० च्या पावसाळ्यात एका महिन्यात ती वीज मंडळाला युनिटमागे सात रुपयांच्या वर पडली. मंडळ ती लोकांना त्याच्या निम्म्यालाही विकत नव्हतं. सरकारने माधव गोडबोले समिती नेमली, मे २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबवली, प्रकल्प बंद पडला. डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनच बुडाली.

"म्हणजे जानेवारीत तुमच्याकडे दिवे गेले," अण्णा हिशेब मांडत होते, "मे महिन्यात आमच्याकडे प्रकल्प बंद. एकाच वर्षात, त्याच माणसांनी." मग थोडं थांबून, "आणि माझा मुलगा त्यांच्याच देशात येऊन राहिला."

वहिनी म्हणाल्या, "एन्रॉनच्या ह्यूस्टनला नाही ना राहिला, अण्णा!" तेव्हा कुठे ते हसले.

मला मात्र त्यांचं म्हणणं त्या क्षणी नीट कळलं. वीज कोण बनवतो यावर आपण भांडतो. विकत कोण घेतो, किती वर्षांचा करार करतो आणि कोणाला विचारून करतो, तिकडे लक्ष जात नाही. चिपळूणच्या माणसाला दाभोळचा करार दाखवायची कोणाला गरज वाटली नव्हती.

कॅलिफोर्नियाने २००२ मध्ये कायदा केला तो यातूनच. शहरांना आणि काउंटींना रहिवाशांच्या वतीने वीज विकत घेण्याची मुभा मिळाली. मॅसॅच्युसेट्सने तसा कायदा १९९७ मध्येच केला होता आणि तिथल्या केप कॉडच्या गावांनी सुरुवात करून दाखवली होती. (वहिनींची बहीण बॉस्टनला असते. "आमच्याकडेही आहे ते, २०२१ पासून," असं ती फोनवर म्हणाली, पण तिलाही आपण कुठल्या दरात आहोत ते माहीत नव्हतं. म्हणजे हे फक्त आमच्याच घराण्याचं नाही.)

पण कायदा झाला म्हणून कोणी लगेच उठलं नाही. पहिली वीज मे २०१० मध्ये मिळाली ती गोल्डन गेटच्या पलीकडल्या मरीन काउंटीला. आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात काय झालं ते तर अण्णांनी दोनदा वाचून दाखवलं. राज्यभर मतदानाला एक प्रस्ताव होता, सोळा नंबरचा: कुठल्याही गावाला असं काही करायचं असेल तर आधी दोन तृतीयांश मतदारांची संमती घ्यावी. ऐकायला किती लोकशाहीचं! त्यामागे पैसा जवळजवळ सगळा पीजीअँडईचा होता, सुमारे साडेचार कोटी डॉलर. विरोधकांची गंगाजळी त्यापुढे चहापाण्याचे पैसे. आणि प्रस्ताव पडला. त्यातही मौज अशी की पीजीअँडईची वीज जिथे जाते त्या उत्तरेच्या पट्ट्यातच लोकांनी तो जास्त जोराने पाडला.

"गिऱ्हाईक ओळखतं," अण्णांनी निकाल दिला.

मरीननंतर सोनोमा, मग आमचा भाग. आज कॅलिफोर्नियात अशा संस्थांची कोटीहून जास्त गिऱ्हाइकं आहेत. त्यातली आमच्यासारखी, तिसरं पान न वाचणारी किती, ते मोजायची सोय नाही.

आता वहिनींचा खरा प्रश्न. "मग पैसे किती वाचतात?"

इथे मी खोटं बोलणार नाही. फार नाही. आमची संस्था सुरू झाली तेव्हा तिने विजेच्या किमतीत पीजीअँडईपेक्षा एक टक्का कमी दर लावला होता. पुढे ती सवलत वरखाली होत राहिली. आणि ती टक्केवारी आख्ख्या बिलावर नसते, फक्त विजेच्या किमतीवर असते. इथल्या बिलात आता तारांचा, म्हणजे वीज पोहोचवण्याचा भाग विजेपेक्षा मोठा झाला आहे. २०१८ मध्ये पीजीअँडईच्या तारेमुळे लागलेल्या पॅराडाइज गावच्या आगीत ८५ माणसं गेली, पीजीअँडईने २०१९ मध्ये दुसऱ्यांदा दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि आता जंगलातून जाणाऱ्या तारा जमिनीखाली घालायचं काम काढलं आहे. त्या सगळ्याचा बोजा पोहोचवण्याच्या आकारात येतो. त्याला आमची संस्था हातही लावू शकत नाही.

शिवाय एक ओळ असते, पीसीआयए नावाची. वहिनींना वाटलं ती विमा असावी. अण्णांनी बरोबर ओळखलं: वेगळी चूल मांडली तरी एकत्र कुटुंबाच्या जुन्या कर्जाचा हप्ता चुकत नाही. पीजीअँडईने पूर्वी आपल्या सगळ्यांसाठी म्हणून वीजखरेदीचे लांब मुदतीचे करार करून ठेवले. आपण बाहेर पडलो म्हणून ते करार फिटत नाहीत. त्यातला आपला वाटा दरमहा द्यायचा. तो वाटा किती असावा यावर दोन्ही बाजूंचे वकील वर्षानुवर्षं भांडतायत. भावांच्या वाटणीत असतं तसंच.

"सांता क्लाराच्या जाऊबाईंचं बिल बघितलंत का?" वहिनींनी आवाज खाली आणला. हा विषय निघणार हे मला माहीत होतं.

जाऊबाई रस्त्याच्या पलीकडे राहतात, पण तो रस्ता म्हणजे शहराची हद्द आहे. सांता क्लारा शहराने विजेचा धंदा १८९६ पासून स्वतःकडे ठेवला आहे. तारा त्यांच्या, खांब त्यांचे, आणि गिऱ्हाइकं म्हणून मोठाली डेटा सेंटरं. आमच्याकडे युनिट महाग, जाऊबाईंकडे ते जवळपास निम्म्या भावात. चहाला गेलं की त्यांच्या घरात भरदुपारी दिवे लागलेले असतात. वहिनी इकडे रात्री नऊ वाजेपर्यंत डिशवॉशर अडवून धरतात, कारण दुपारी चार ते नऊ वीज महाग. खरकट्या भांड्यांकडे बघत त्या जाऊबाईंना आठवतात. या दोन घरांमधला फरक विजेने वाढवला आहे, आणि आमची संस्था तो मिटवू शकत नाही, कारण तिच्याकडे तारा नाहीत.

मग उपयोग काय? अण्णांना मी हेच विचारलं, थोडं चिडूनच.

त्यांनी मला दुसऱ्या कागदावर केलेली नोंद दाखवली. या संस्थेने मॉन्टेरेच्या बाजूच्या तशाच एका संस्थेबरोबर मिळून सौर प्रकल्पांची वीज घ्यायचे लांब मुदतीचे करार केले आहेत. त्यातला एक किंग्ज काउंटीत, स्लेट नावाचा: ३०० मेगावॉटचं सौर आणि जोडीला मोठ्या बॅटऱ्या. गिऱ्हाइकांमध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि बार्टची रेल्वेही. म्हणजे मी सॅन फ्रान्सिस्कोला बार्टने जाते तेव्हा गाडी आणि माझा फ्रिज यांचा वाणी एकच असतो.

"पण वीज तर त्याच तारेतून येते," वहिनी म्हणाल्या. "सौरची कुठली नि गॅसची कुठली, कोणाला कळतंय?"

शंका बरोबर आहे. गावच्या तळ्यात कोणी नदीचं पाणी सोडतो, कोणी नाल्याचं, आणि घागर भरणाऱ्याला सगळं एकत्रच मिळतं. पण तळ्यात नदीचं पाणी सोडणाऱ्याला आपण पैसे देत राहिलो तर तो आणखी सोडतो. एवढंच. जास्त काही असल्याचं कोणी सांगत असेल तर मला त्याच्यावर विश्वास नाही.

आता गटाने मिळून रडण्याची गोष्ट. दक्षिणेत रिव्हरसाइड काउंटीतल्या काही शहरांनी 'वेस्टर्न कम्युनिटी एनर्जी' काढली होती. एप्रिल २०२० मध्ये सुरुवात, ऑगस्टमध्ये उष्णतेची लाट, बाजारात विजेचे भाव कडाडले, करोनात बिलं थकली, आणि मे २०२१ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. गिऱ्हाइकं जुन्या कंपनीकडे परत गेली. दिवे कोणाचे गेले नाहीत, पण गावाने उभं केलेलं वर्षभरात कोसळलं. अण्णांनी हे वाचलं आणि मान हलवली. त्यांना आपल्या नगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा आठवली. श्रीरामपूरची वीज सहकारी संस्था, लोकांची, लोकांसाठी. मंडळाला द्यायची थकबाकी वाढत गेली आणि २०११ मध्ये तो भाग महावितरणकडे गेला.

"लोकांची आहे म्हणून हिशेब सुटत नाही," ते म्हणाले. "उलट दोनदा तपासावा लागतो. कारण ओरडणार कोणावर? आपलाच माणूस."

वहिनींनी तेवढ्यात विचारलं, "मग बाहेर पडायचं का आपण?"

पडता येतं. फोन करायचा, सांगायचं, पीजीअँडईकडे परत. कोपऱ्यावरच्या एका गृहस्थांनी तसं केलंही आहे. अर्थात ते गृहस्थ प्रत्येक गोष्टीतून बाहेर पडतात. मराठी मंडळाच्या कार्यकारिणीतून तीनदा पडले. वहिनींनी त्यांच्या वाटेला जायचं नाही असं तिथल्या तिथे ठरवलं, विजेच्या कारणाने नव्हे.

अण्णांच्या डोक्यात मात्र वेगळंच शिरलं आहे. त्यांनी शोधून काढलं की या संस्थेच्या मंडळाच्या बैठका जाहीर असतात, आणि कायद्याने तिथे कोणालाही उठून बोलता येतं. काही मिनिटंच, पण येतं. बिल भरणारा असलाच पाहिजे असंही नाही.

"करारांची मुदत विचारणार," ते म्हणाले. "आणि उन्हाळ्यात भाव चढले तर गंगाजळी किती, तेही."

"इंग्रजीत?" वहिनी घाबरल्या.

"मराठीत. ही करेल भाषांतर." बोट फटीतून माझ्याकडे.

मी हो म्हटलं आहे. चाळीस वर्षं लोकांची बिलं तपासलेल्या माणसाला मला नाही म्हणता आलं नाही, आणि दाभोळच्या वेळी त्यांना कोणी विचारलं नव्हतं हेही मनात होतं. बैठकीला गाडीतून नेऊ, सनीव्हेल ते कुपरटिनो असं काय लांब आहे. फळीचं मात्र अजून ठरत नाही.

आणि तुम्ही बे एरियात राहत असाल, तर आज संध्याकाळी बिल काढा. पहिल्या पानावरचा आकडा बघून ठेवून देऊ नका. पुढची पानं उलटा आणि जनरेशनच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते वाचा. फ्रीमाँटकडे असाल तर अवा असेल, सॅन मटेओत पेनिन्सुला, सॅन होजेत शहराचीच संस्था. पीजीअँडईचं असेल तर बहुधा घरातल्या कोणी तरी कधी तरी नाही कळवलं होतं. कोणी, ते आधी घरात विचारा. काही कळलं तर आमच्या कुंपणाशी या. शनिवारी सकाळी, चहाच्या वेळी. फटीतून हाक मारली तरी चालेल.